‘ळ’ नसलेलं खेळणं

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीच्या तोंडावर दादर स्टेशनातून पश्चिमेला उतरून रानडे रोडला लागलं, की गजरेवाले, गाऊनवाले आणि भाजीवाल्यांच्या ओरड्यातून एक वेगळाच आवाज कानावर येतो. बाईचा, अमेरिकी वळणाचा आणि जरा जास्तच आनंदी. “ए फॉर ॲपल!” आवाज निघतो निळ्या-गुलाबी प्लॅस्टिकच्या डब्यातून. डबा हातात धरून विक्रेता समोरच्या आजीला सांगत असतो, “मावशी, सगळं बोलतं हे. एबीसीडी, वन-टू-थ्री, प्राणी, भाज्या. पोरगं मोबाइल मागणारच नाही बघा.” माल खपतो तो या शेवटच्या वाक्यावर.

मोबाइल मागणारं पोर घरोघरी आहे, त्यामुळे हातात मावणाऱ्या ‘शैक्षणिक’ खेळण्यांना मागणीही घरोघरी आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून घाऊक माल निघतो आणि ठाकूरद्वार, परळ, लालबागच्या कटलरीच्या दुकानांत, फेरीवाल्यांच्या टेबलांवर येऊन बसतो. त्यात चार-पाच जाती ठरलेल्या. झाकण उघडल्यावर बोटभर पडदा दिसतो तो ‘लर्निंग लॅपटॉप’. फटीत कार्ड सरकवलं की चित्राचं नाव सांगणारं यंत्र. पानावरच्या चित्राला बोट लावलं की बोलणारं पुस्तक. काळी चकचकीत एलसीडी पाटी. आणि कोपऱ्यात, अजूनही, नव्वदच्या दशकातला ब्रिक गेम. लोअर परळच्या जुन्या फिनिक्स मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये लंडनच्या हॅम्लीजने २०१० साली भारतातलं पहिलं दुकान थाटलं. तशा काचेआडच्या दुकानात हीच घराणी जरा गुळगुळीत प्लॅस्टिकमध्ये आणि बऱ्याच मोठ्या किमतीत मिळतात.

या सगळ्यांचा मूळपुरुष शोधायला १९७८ सालात जावं लागतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने त्या वर्षी ‘स्पीक अँड स्पेल’ नावाचं लालभडक खेळणं बाजारात आणलं. वर एक ओळीचा पडदा, खाली अक्षरांची बटणं. यंत्र शब्द उच्चारायचं, मुलाने त्याचं स्पेलिंग दाबायचं. तोवर बोलणाऱ्या बाहुल्यांच्या पोटात चिमुकली तबकडी किंवा टेप असायची. इथे प्रथमच माणसाच्या आवाजाचं गणित एका चिपवर बसवलं होतं, आणि किंमत होती सुमारे पन्नास डॉलर. पुढे १९९५ मध्ये माइक वुड नावाच्या कॅलिफोर्नियातल्या वकिलाने, आपल्या लहान मुलाला अक्षरांचे आवाज ओळखायला जड जातंय हे पाहून, लीपफ्रॉग ही कंपनी काढली. तिचं ‘लीपस्टर’ २००३ मध्ये आलं. हातात धरायचं, काडतूस बदललं की खेळ बदलायचा, असं ते यंत्र. दादर-गिरगावातल्या ज्या घरांतलं कुणी अमेरिकेत होतं, तिथे ते सुट्टीला येणाऱ्या मामा-काकांच्या बॅगेतून आलं. मुंबईचीच मिताशी ही कंपनी टीव्हीला जोडायच्या खेळांबरोबर मुलांचे लॅपटॉपही विकत असे. मध्यमवर्गीय घरात ‘शिकवणारं यंत्र’ ही कल्पना रुजली ती या मार्गाने.

‘स्पीक अँड स्पेल’च्या कथेतला एक तपशील मराठी पालकांनी जरूर ध्यानात घ्यावा. यंत्र चाललं तसं कंपनीने ते इतर भाषांत बोलतं केलं. फ्रान्ससाठी ‘ला दिक्ते माजिक’, इटलीसाठी ‘ग्रिलो पारलांते’. हे १९८० च्या आसपासचं तंत्रज्ञान, तरीही भाषा बदलणं जमलं. इटलीची लोकसंख्या सहा कोटींच्या आत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे होते ८ कोटी ३० लाख. आणि आज रानडे रोडवर उभं राहून अ, आ, इ नीट मराठीत म्हणणारं, लहान मुलाच्या हाती देण्याजोगं यंत्र शोधू लागलं, तर चप्पल झिजते.

दोष नुसता चिनी कारखान्यावर ढकलून भागत नाही. या डब्यांमधला आवाज कारखान्यातच चिपवर कोरलेला असतो, नंतर बदलता येत नाही. मराठी आवाज हवा असेल तर कुणीतरी तो ध्वनिमुद्रित करून हजारोंच्या संख्येने मागणी नोंदवायला हवी. ती नोंदवली जात नाही, कारण लालबागच्या आईलाही खोक्यावर इंग्रजीच हवं असतं. मूल इंग्रजी माध्यमाच्या छोट्या शिशूत जाणार, मुलाखतीत रंग विचारणार, मग ‘लाल’ कशाला, ‘रेड’च म्हणू दे, असा हा हिशेब. तो चुकीचा आहे असं चटकन म्हणता येत नाही, पण यंत्र त्या हिशेबात बसतं का, हे मात्र तपासायला हवं.

काही यंत्रांवर इंग्रजीच्या जोडीला देवनागरी असते. ती हिंदी. ‘अ से अनार’पर्यंत ठीक चालतं, पण मुलांच्या हिंदी वर्णमालेत ‘ळ’ नसतो. चाळीत राहून शाळेत जाणारं, केळं खाणारं, घरी ‘बाळ’ म्हणून हाक मारलं जाणारं मूल त्या यंत्रावर अक्षरं शिकलं, तर त्याच्या भोवतालच्या निम्म्या गोष्टी वर्णमालेबाहेर राहतात. ‘च’चंही तसंच. मराठी ‘चहा’तला च वेगळा आणि ‘चमचा’तला वेगळा. यंत्राला एकच ठाऊक.

आकड्यांची तऱ्हा तर आणखी न्यारी. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं होतं, ते अनेकांना आठवत असेल. ‘सत्तावीस’बरोबरच ‘वीस सात’ असंही वाचायला शिकवावं, अशी मांडणी त्यात होती. विनोदांचा, अग्रलेखांचा पाऊस पडला. गणित विषयाच्या समितीचं नेतृत्व करणाऱ्या डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण शांतपणे समजावून सांगितलं होतं. मराठीत सत्तावीस म्हणताना आधी सात कानावर पडतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन. त्यात ‘एकोणतीस’ म्हणजे नऊ असलेल्या आकड्यात तीसचा उल्लेख. काही मुलांचा इथे गोंधळ होतो. वाद कुणाच्या बाजूने संपवायचा तो संपवा, पण आज चार वर्षांच्या मुलाला डबा ‘ट्वेंटी सेव्हन’ सांगतो, आजी ‘सत्तावीस’ सांगते आणि पाटीवर २७ असतं. या तिन्ही गोष्टी एकच आहेत हे त्याला माणूसच सांगू शकतो. डब्याला आजीचं बोलणं कळत नाही.

‘माणूस’ हा मुद्दा भावनेपोटी आलेला नाही. अमेरिकेतल्या नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या ॲना सोसा यांनी १० ते १६ महिन्यांची बाळं आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांचं घरातलं खेळणं ध्वनिमुद्रित केलं. कधी हाती बोलणारी-वाजणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी दिली, कधी ठोकळे आणि साधी खेळणी, कधी पुस्तकं. २०१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : खेळणं बोलू लागलं की आईबाप गप्प होतात. ते कमी शब्द वापरतात, बाळाच्या हुंकाराला कमी उत्तरं देतात, बाळही कमी आवाज काढतं. सगळ्यात जास्त बोलणं झालं ते पुस्तकांशी. अभ्यास छोटा होता, बाळंही अगदी तान्ही. तरी दादरच्या कुठल्याही ब्लॉकमध्ये जाऊन पडताळून पाहता येईल असाच तो आहे. डबा सुरू झाला की आई सुटकेचा श्वास टाकून कणीक मळायला जाते. त्यात तिची चूक काही नाही, डबा घेतला तोच त्यासाठी. फक्त त्या अर्ध्या तासाला शिक्षण म्हणू नये.

याच्या आधी, २००३ मध्ये, संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिन चिनी भाषा ऐकवली होती. समोर बसून खेळवणाऱ्या बाईकडून ऐकलेले ध्वनी बाळांनी टिपले. तेच पडद्यावरून ऐकवले तेव्हा काहीच टिपलं नाही.

तर मग घ्यावं काय? वयानुसार उत्तर बदलतं, आणि पहिल्या टप्प्याचं उत्तर विक्रेत्यांना आवडणारं नाही. दोन-अडीच वर्षांपर्यंत बोलणारं काहीही घेऊ नये. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको म्हणतात, नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल तेवढा अपवाद. दोन ते पाच वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त तासभर, तोही मोठ्यांच्या सोबतीने. या वयाला स्टीलची वाटी, डाव आणि रिकामा डबा पुरतो, हे आज्यांना सांगावं लागत नाही.

दादरमध्ये तर हा विचार नव्वद वर्षांपूर्वीच होऊन गेलाय. मुंबईतच जन्मलेल्या ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. माँटेसोरी पद्धतीची साधनं तेव्हाही महाग होती. ठरावीक मापाचे लाकडी ठोकळे, मण्यांच्या माळा, परदेशी बनावटीचा थाट. ताराबाईंनी पुढे बोर्डी आणि कोसबाडला त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आणले. मुलाने हाताळावं, लावावं, मोजावं, आणि चुकलं तर साधनानेच ती चूक दाखवावी, हे मूळ तत्त्व मात्र सोडलं नाही. आजच्या डब्याला हीच कसोटी लावून पाहा. ‘लर्निंग लॅपटॉप’ म्हणतो, “फाइंड द लेटर बी!” मूल डी दाबतं. “ऊप्स! ट्राय अगेन!” आणि एक रडकी धून. दोन दिवसांत मुलाच्या लक्षात येतं की रडकी धून फार गमतीची आहे. मग ते मुद्दाम चुकतं. बी आणि डीमध्ये काय फरक आहे, हे त्या बोटभर पडद्याने त्याला कधी दाखवलेलंच नसतं.

म्हणून या बाजारातली सगळ्यात तोट्याची खरेदी कोणती, तर हा लॅपटॉप. पैसा जातो आकाराला आणि खोट्या माउसला. त्याच्यापेक्षा कोपऱ्यातला ब्रिक गेम परवडला, असं म्हटलं तर पालक दचकतील. खोक्यावर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात मोजकेच खेळ वेगवेगळ्या वेगाने फिरवलेले असतात. पण त्यातला मुख्य खेळ म्हणजे अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत बनवलेल्या टेट्रिसची नक्कल. पडणारा तुकडा कसा फिरवला तर कुठे बसेल, याचा विचार तो सहा-सात वर्षांच्या मुलाकडून खरोखर करवून घेतो, आणि आपण शाळा आहोत असा आव आणत नाही. गिरगावच्या वाड्यांमधून वाढलेल्या आजच्या कित्येक बापांचे अंगठे त्यावरच तयार झालेत.

तीन ते सहा वयासाठी दोन वस्तू मात्र पैसे वसूल करणाऱ्या आहेत. पहिली कार्ड वाचणारं यंत्र. त्याला पडदा नाही. शंभरेक जाड कार्डं, दोन्ही बाजूंना चित्र, फटीत सरकवलं की नाव. यातली खरी किमतीची गोष्ट म्हणजे कार्डं, यंत्र दुय्यम. यंत्र सहा महिन्यांत बंद पडलं तरी कार्डांच्या जोड्या लावता येतात, पाण्यातले-जमिनीवरचे प्राणी वेगळे काढता येतात, पत्त्यांसारखी वाटून खेळता येतात. काही घरांत चित्राखाली मार्करने मराठी नाव लिहितात. मग यंत्र ‘ओनियन’ म्हणतं, मूल ‘कांदा’ ओरडतं, आणि दोन्ही भाषा एकाच खेळात येतात. घेताना दुकानात उभं राहून चार-पाच कार्डं ऐकावीत. उच्चार फाटका असेल, ‘व्हेजिटेबल’चे तीन तुकडे पडत असतील, तर तेच वर्षभर घरात घुमणार आहे. आवाज कमी-जास्त करायचं बटण हवंच. बीडीडी चाळीची जुनी खोली १६० चौरस फुटांची. त्यात आजोबांची मालिका, ताईचा दहावीचा अभ्यास आणि ‘ए फॉर ॲपल’ हे सगळं एकाच वेळी चालायचं असतं. बटण नसलं की घराघरांतला उपाय ठरलेला : स्पीकरच्या भोकांवर सेलोटेपच्या दोन पट्ट्या.

दुसरी वस्तू म्हणजे एलसीडी पाटी. दीड-दोनशे रुपयांत रस्त्यावर मिळते, आणि तिच्यामागचं विज्ञान किमतीच्या मानाने फार देखणं आहे. ओहायोतल्या केंट डिस्प्लेज या कंपनीने २०१० मध्ये ‘बूगी बोर्ड’ नावाने ही पाटी लोकांपर्यंत आणली. दोन प्लॅस्टिक पापुद्र्यांमध्ये द्रव स्फटिकांचा पातळ थर असतो. काडीने दाब दिला की तिथल्या स्फटिकांची मांडणी बदलते आणि ती रेघ बाहेरचाच प्रकाश परत फेकते. म्हणजे ही पाटी स्वतः उजेड देत नाही, डोळ्यांत खुपत नाही, अंधारात दिसतही नाही. रेघ टिकवायला वीज लागतच नाही. ती लागते फक्त पुसताना, बटण दाबलं की क्षणभर. म्हणून एक सेल महिनोन् महिने पुरतो. दगडी पाटी आणि ओलं फडकं पाहिलेल्या पिढीला ती आपलीशी वाटते. एकच रुसवा. या साध्या पाट्यांवर एखादीच रेघ पुसता येत नाही, पुसली तर सगळी पाटी साफ. काढलेलं घर बाबांना दाखवायच्या आत धाकट्याने बटण दाबलं की रडारड. पाठीमागे पुसायचं बटण बंद करणारी छोटी खिट्टी असलेली पाटी घ्यावी, ती याचसाठी.

पण याच पाटीत धोकाही दडलाय. तिचा सेल नाण्यासारखा, चपटा, चकचकीत. असा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहू लागते, भोवती दाहक अल्कली तयार होते आणि दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. मूल सुरुवातीला नुसतं लाळ गाळतं, खायला नको म्हणतं. घरच्यांना वाटतं, सर्दी झाली असेल. संशय जरी आला तरी उलटी काढत बसू नये, रात्रीचे दोन वाजले असले तरी एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात धाव घ्यावी. या भागातल्यांचं त्यातल्या त्यात नशीब, परळला लहान मुलांचं वाडिया रुग्णालय १९२९ पासून आहे आणि शेजारीच केईएम. मात्र खरेदीच्या वेळी पाटी उलटी करून पाहायला एक मिनिटही लागत नाही. सेलच्या झाकणाला स्क्रू हवा. नखाने उघडणारं झाकण असेल तर ती पाटी परत टेबलावर ठेवावी, विक्रेत्याने “काय होत नाय हो ताई” म्हटलं तरी. बदललेला जुना सेलही खिडकीत ठेवू नये. तो मेलेला असला तरी पोटात गेल्यावर इजा करण्याइतका जिवंत असतो.

कायद्याची मदतही आहे, पण ती मागून घ्यावी लागते. १ जानेवारी २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालच्या मुलांची खेळणी आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाहीत, मग ती देशी असोत वा आयात केलेली. विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी मानक क्रमांक आहे आयएस १५६४४. तो चिन्हाच्या वर असतो आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांक मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, चालू आहे की संपलाय, हे दिसतं. कायदा झाला म्हणून माल बदलला असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये ब्युरोने देशभरातल्या दुकानांतून चिन्ह नसलेली १८,६०० खेळणी जप्त केल्याचं सांगितलं, आणि त्यातली दुकानं फुटपाथवरची नव्हती, मॉलमधली आणि विमानतळांवरची होती. खेळण्यांवरचं आयात शुल्कही २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर गेलं. त्यामुळे ‘इम्पोर्टेड आहे’ या शब्दाला भाव आला खरा, पण चिन्ह नसेल तर त्याला अर्थ नाही.

महागड्या टोकाला वेगळीच भानगड आहे. तिथली यंत्रं वायफायला जोडायची, खातं उघडायचं, मुलाचं नाव, जन्मतारीख, कधी फोटो द्यायचा. मुंबईतच जन्मलेल्या मिको या कंपनीचा मुलांशी गप्पा मारणारा यंत्रमानव याच जातीतला, फक्त हातात मावणारा नव्हे. जोडलेल्या यंत्राचे फायदे आहेत, खेळ ताजे राहतात. पण २०१५ च्या नोव्हेंबरात हाँगकाँगच्या व्हीटेक या बड्या कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाली, तेव्हा जगभरच्या सुमारे ६४ लाख मुलांची माहिती उघडी पडली होती. अमेरिकेत या प्रकरणी २०१८ मध्ये कंपनीला साडेसहा लाख डॉलर भरावे लागले. दरम्यान २०१६ मध्ये तिने लीपफ्रॉगही विकत घेतली होती. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. तरी जन्मतारीख विचारणाऱ्या खेळण्याला खरी तारीख द्यायची गरज काय, हा साधा प्रश्न पालकांनी स्वतःला विचारायला हरकत नाही. पाच वर्षांच्या मुलाला वायफायशिवाय चालणारं यंत्र पुरतं.

शिकवणारी यंत्रं जुनी कशी होतात, याचा धडा मुंबई महापालिकेने मोठ्या प्रमाणावर गिरवलाय. २०१५ मध्ये पालिका शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब वाटले गेले. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू चांगलाच होता, आणि परळ-लालबागच्या कामगार घरांतल्या मुलांच्या हातात पहिल्यांदाच असं काही आलं. पण टॅबमध्ये भरलेला अभ्यासक्रम त्या वेळचा. राज्याची आठवीची पुस्तकं २०१८ मध्ये बदलली. मग यंत्र चालू असलं तरी आतला धडा शिळा. बॅटऱ्या आणि दुरुस्तीच्या तक्रारी वेगळ्याच. घरच्या खरेदीतही हे दोन प्रश्न आधी विचारावेत : आतला मजकूर बदलता येतो का, आणि सेल कुठला लागतो. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र आतल्या न निघणाऱ्या बॅटरीवाल्यापेक्षा बरं.

मराठीचं काय, हा प्रश्न तरी उरतोच. गंमत अशी, की मराठीचा साठा यंत्राबाहेर भरपूर आहे आणि तो याच भागात तयार होतो. मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी नावाजलेल्या ज्योत्स्ना प्रकाशनाचा मुंबईतला पत्ता गिरगावचा. दादरला भवानी शंकर रोडवर नवनीतचं मुख्यालय. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. ज्या मोबाइलपासून मुलाला दूर ठेवायला दोनशे रुपयांचा डबा घेतला, त्याच मोबाइलवर आईने किंवा आजोबांनी स्वतःच्या आवाजात दहा गोष्टी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आणि फोन पालथा ठेवून ऐकवल्या, तर रानडे रोडवर न मिळणारं मराठी बोलणारं यंत्र घरच्या घरी तयार होतं. त्यात ‘ळ’ असतो, आजोबांचा खोकलाही असतो.

आता बंद पडलेल्या डब्यांविषयी. पुष्कळदा त्यांना झालेलं असतं एवढंच, की सेल आत फुटून हिरवट खार पत्र्यावर चढलेला असतो. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने खार पुसला, जागा नीट वाळू दिली आणि नवे सेल घातले, की “ए फॉर ॲपल” पुन्हा सुरू. तार तुटली असेल तर ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर डाग देणारा सापडतो, पण त्याची मजुरी आणि नव्या डब्याची किंमत यांत फार अंतर नसतं, हे आधीच धरून चालावं. चिप गेली असेल तर दुरुस्ती नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत इलेक्ट्रॉनिक खेळणीही येतात. त्यामुळे असा डबा ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादलीत किंवा रद्दीवाल्याच्या तराजूत न टाकता, सेल काढून, ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यायचा. कार्डं मात्र ठेवून घ्यायची. शेजारच्या खोलीत पुढच्या जूनमध्ये कुणीतरी छोट्या शिशूत जाणारच असतं.